बांगडो बरो होतो

दर्शू, तुला कुशीवर वळवायला मी हात खाली घातला आणि माझी दोन बोटं तुझ्या अंगात गेली.

आधी वाटलं, चादरीच्या घडीत गेली. ओलं लागलं. मग कढत लागलं. मी बोटं बाहेर काढून तुझ्याकडे बघितलं, तर तू वर कौलांकडे बघत पडली होतीस. कमरेखाली तुला काही कळत नाही हे मला तुझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्या वेळी तू ओरडायला हवी होतीस असं मला वाटलं. कोणीतरी ओरडायला हवं होतं.

"काय झाला गे आये?" तू विचारलंस.

"काय नाय. चादर वली झाली," मी म्हटलं.

तापाने तुझे डोळे लाल झाले होते. मी हात लुगड्याला पुसत होते, ते तू बघितलंस आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस. म्हणजे तुला माहीत होतं. खाली काय आहे ते तुला माझ्या आधीपासून माहीत होतं.

सतीशने, तुझ्या भावाने, गाडी आणली. बांद्यावरून पलीकडे गोव्यात मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरणीने मला बाहेर बोलावून सांगितलं की बसायच्या हाडापर्यंत सगळं सडलंय आणि विष रक्तात गेलंय. बाई चांगली होती. रागावली नाही. नुसतं विचारलं, "घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? वास तरी यायला हवा होता."

वास येत होता, दर्शू. त्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे.

तू गेल्यावर तिठ्यावर तुझा बॅनर लागला. निळा टी-शर्ट घालून हसतेस तो फोटो. खाली लिहिलंय सुवर्णकन्या. तुला कसलंच सुवर्ण मिळालं नव्हतं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि मग कोणी छापला ते शोधून त्याला चार शब्द ऐकवले असतेस. मी तो तसाच राहू दिला. पेपरवाला मुलगा आला, त्याला तुझा जन्म, शिक्षण, कुठे कुठे खेळलीस ते हवं होतं. मी म्हटलं, ते बॅनरवर आहे ते छाप. बाकीचं मी लिहून देते. मला लिहिता येतं. चौथीपर्यंतचे सगळे धडे मी वाचले आहेत.

तुझं माझं एक भांडण अर्धं राहिलं. ते तू बॉल टोपलीत टाकत नाहीस यावरून होतं.

पहिल्यांदा तू खेळायला लागलीस तेव्हा मी खूश नव्हते. खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात हे मला कोणी थट्टेत सांगितलं असतं तर मी त्याला घालवून दिलं असतं. मग एकदा तू मला पुण्याला सामने बघायला घेऊन गेलीस. त्या हॉलमध्ये सगळी पोरं खुर्च्यांवर, आणि काय पळत होती! चाकं एकमेकांवर आपटत होती, रबराचा वास सुटला होता, कोण पडत होतं, कोण शिव्या देत होतं. मी मधल्या दारात दोन पायांवर उभी. जो तो मला म्हणत होता, आजी बाजूला व्हा. त्या हॉलात मीच अडचण होते. तू लांबून मला बघून हसलीस. तू मला पुष्कळ काही दाखवलंस, विमानतळ दाखवलास, लिफ्ट दाखवलीस, पण त्या दारात उभं राहून मला जे कळलं ते मी विसरणार नाही. आपल्या घरी मी तुला सगळ्यांच्या वाटेतून बाजूला ठेवत आले होते. तिथे मला कोणी तरी बाजूला ठेवलं. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलायचं असतं असं मला वाटलं नाही.

तिथेच कल्याणी भेटली. नागपूरची, उंच, एक पाय गुडघ्यावरून कापलेला. तिने बॉल टाकला की पडायचा टोपलीत. मी मोजत बसले होते. तू एकदाही टाकला नाहीस. बॉल हातात आला की लगेच दुसरीला द्यायचीस, जसा काही तो चटका देत होता.

येताना गाडीत मी म्हटलं, "इतक्या लांब जातंस आणि टोपलीत एक पण घालणंस नाय? मगे जातंस कित्याक?"

 घरी आल्यावर करवंट्या घेऊन जमिनीवर बसवलंस मला. पाच करवंट्या मांडल्यास.

"आये, बघ. मैदानात पाच जणी. परतेकीक पॉइंट असतत. जिचा अंग जास्त चालता, तिका जास्त. कल्याणीचे चार. पाच जणींचे मिळान चौदाच्या वर जाऊक नको. नियम आसा."

"तुजो कितको?"

"एक."

"एकच? मगे तुका घेतत कसा?"

"एक म्हणानच घेतत. मी आत आसलंय तर कल्याणी आणि ती दुसरी उंच, दोगीवय आत बसतत. मी नाय, तर दोगींतली एक भायर." मग तू एक करवंटी ढकलून दुसऱ्या करवंटीला टेकवलीस. "ही मी. ही समोरची पोरगी. कल्याणीक अडवूक जाता. मी तिच्या वाटेत खुर्ची घालतंय. ती अडाकता. कल्याणी सुटता. बॉल पडता टोपलीत. लोक कल्याणीक टाळ्यो वाजयतत."

"आणि तुका?"

"माका कल्याणी बघता. बस झाला."

मग तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. करवंट्या गोळा करता करता हसत म्हणालीस, "माजा अंग जितक्या वायट, तितक्या त्येंका बरा."

मी म्हटलं, "हो खेळ नाय, हो बाजार." तू म्हणालीस, "तुका कळूचा नाय." मी म्हटलं, "माका कळला म्हणानच बोलतंय." आपण दोघी तिथेच थांबलो. आज तू समोर असतीस तर मी तिथूनच पुढे सुरू केलं असतं.

तुझी पाठ बघायचं काम माझं होतं. पाठ म्हणायचं, पण बघायची पाठीच्या खालची जागा, जिथे बसायची हाडं टेकतात. ज्याला खाली कळतच नाही त्याला बसून बसून तिथे जखम होते आणि त्याला पत्ता लागत नाही. तुला कॉलेजच्या वयात झाली होती. तेव्हा अख्खा पावसाळा तुला पालथी पाडून ठेवली होती. खाटेच्या कडेवरून तोंड खाली करून तू जमिनीकडे बघत पडायचीस. जेवायचीस तशीच. "आये, हयसरच्यो सगळ्यो मुंग्यो माज्या वळखीच्यो झाल्यो," म्हणायचीस. एक दिवस तू बोलायची बंद झालीस. मग बरेच दिवस बोलली नाहीस. जखम भरली, तू उठून बसलीस, आणि मला म्हणालीस की पुन्हा असं पालथं पडायची वेळ आली तर मला दर्यात टाक. मी म्हटलं, दर्या जवळ आहे, तोंड सांभाळून बोल.

त्यानंतर रोज दिवाबत्ती झाली की तू गादीवर पालथी पडायचीस आणि मी बॅटरी लावून बघायचे. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं होतं. लाल जागा दिसली तर अंगठ्याने दाबायची. दाबल्यावर पांढरी झाली आणि सोडल्यावर पुन्हा लाल झाली तर बरी. दाबूनही लालच राहिली तर वाईट. मग तुझं बसणं बंद.

"काय दिसता गे? किल्लो दिसता काय?"

"दिसता. बुरूज ढासळलो."

"तट आसा मां अजून?"

"तट आसा. गप पड."

इतकं सोपं होतं ते. दोन मिनिटांचं काम. मी हे काम तुझ्या बापाचं श्राद्ध चुकवलं तरी चुकवलं नाही.

परदेशातल्या त्या मोठ्या स्पर्धेला तू निघालीस तेव्हा गाव देवळात जमला. गावचे मानकरी तात्या देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तू सभामंडपात खुर्चीवर, मांडीवर नारळ.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू सात समुद्रापलीकडे खेळूक जाता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"थंयसर देशोदेशीचे लोक येतले, त्येंच्यात ह्येचा नाव कर रे म्हाराजा! गळ्यात मेडल घालून ह्येका घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तू मध्येच म्हणालीस, "तात्यानू, देवाक सांगा, एक पॉइंटवाली आसय. जास्ती मागू नकात." सगळे हसले. तात्याही हसले, पण मेडल मागायचं सोडलं नाही. आता मी तो दिवस आठवते तेव्हा एकच दिसतं. इतके लोक होते, प्रत्येक जण ओरडत होता, पण तुझ्या कातडीचं कोणी मागितलं नाही. मीही ओरडत होते, व्हय म्हाराजा. मेडलला.

तिथे गेल्यावर तू फोनवर तोंड दाखवायचीस. जेवणाचा हॉल दाखवलास, समुद्र दाखवलास, म्हणालीस आपल्यापेक्षा मचूळ आसा. मी म्हटलं, पाठ दाखव.

"आये, खोलीत कल्याणी आसा."

"कल्याणीक काय पाठ नाय?"

"तिणा बघल्यान माजी. बरी आसा."

आणि मागून कल्याणीचा आवाज आला, "हो काकू, छान आहे एकदम. काळजी करू नका."

शेवटचा सामना मास्तरांनी शाळेच्या खोलीत पडद्यावर लावला होता. अर्धी वाडी जमली होती. तुझी खेळाची खुर्ची पडद्यावर बरोबर ओळखू यायची, ती फेंगडी चाकं, सुपासारखी मागे उतरती बैठक, आणि त्यात पट्ट्यांनी आवळून बांधलेली तू. लोक विचारत होते, दर्शूने किती टाकले. मी म्हटलं, एक पण नाय, ता तिचा काम नाय. कोणाला पटलं नाही. समोरची एक दांडगी पोरगी तुझ्यावर आदळली आणि तू खुर्चीसकट उलटलीस, वाळूत नांगीवाली कुर्ली उलटी पडते तशी. खोलीतल्या बायकांनी तोंडावर हात घेतले. तू एक हात जमिनीला लावलास, झटका दिलास आणि खुर्चीसकट सरळ झालीस. खोलीत टाळ्या. मी टाळी वाजवली नाही. मी दुसरंच बघत होते.

तू अंग उचलत नव्हतीस. दोन हातांवर जोर देऊन बूड जरा वर उचलायचं, मिनिटभर हाडांना मोकळं करायचं, हे तुला आधी दवाखान्याने आणि मग मी शिकवलं होतं. घरी भाजी चिरताना, टीव्ही बघतानासुद्धा तू उचलायचीस. त्या दिवशी खेळ थांबला तरी तू एकदाही उचललं नाहीस. चिकटून बसल्यासारखी बसली होतीस.

मी ओरडले, "उचल गो! उचल!"

माझ्या मागची पोरं पण ओरडायला लागली, "उचल! उचल!" त्यांना वाटलं, म्हातारी जोशात आली.

तुम्ही हरलात. तो सामना हरलात, त्याच्या आधीचेही हरला होतात. सगळ्यांत शेवटी आलात. मी हे लिहिते कारण बॅनरवर ते नाही. जिंकला असतात तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक हेच लिहिलं असतं.

तू परत आलीस ती दमून. संध्याकाळी मी बॅटरी घेतली तर म्हणालीस, "आज नको गे, फाल्यां बघ." दुसऱ्या दिवशी सत्कार होता. शाल, नारळ, भाषणं, आणि तू बसलेली. परत आल्यावर म्हणालीस, "आज अंग दुखता, फाल्यां." तिसऱ्या दिवशी मी जोर केला तर तू चिडलीस. "मी काय ल्हान आसय? थंयसर इतके दिवस माजा मी बघलंय." आवाज चढला होता तुझा. मी म्हटलं, मर मगे. हे आपण एकमेकींना रोज म्हणायचो. भाकरी करपली तरी म्हणायचो.

आणि घरात वास येऊ लागला.

आमच्या घरात वास असतोच. बांगड्याच्या दिवसांत सतीश होडीवरून बांगडा आणतो, मी पोट काढून मीठ भरून पिंपात थर लावते. मागच्या पडवीत पिंपं असतात, अंगणात चटईवर सुकत घातलेलं असतं. पाहुणे नाक धरतात, आम्हाला पत्ता नसतो. पण हा वास वेगळा होता. गोडसर. मिठाचा नव्हता. कमी मीठ पडलं की बांगडा आतून कुसतो आणि असा वास येतो. मला वाटलं, पडवीतलं पिंप गेलं.

"सतीश, मेल्या, मीठ खंयचा हाडलंस? पिंप कुसला."

"आये, मीठ तू घातलंस. मी फकत पिंप उचलून ठेवलंय."

"तुज्या नाकाक वास येणा नाय?"

"माज्या नाकात अख्खो दर्या आसा. माका कसलो वास येतलो?"

मी पिंप उघडलं. वरचा बांगडा घट्ट होता, डोळा पांढरा, जसा असायला हवा तसा. मी खालचा काढला, तोही तसाच. पण वास तर नाकात बसलेला. हाताला वास, लुगड्याला वास, सगळीकडे तोच. मी म्हटलं, मधल्या थरात असेल. लोकांच्या पोटात घालायचं, धोका नको. सतीश नको नको म्हणत असताना मी परसातल्या माडाच्या मुळात खड्डा खणायला लावला आणि अख्खं पिंप ओतलं.

तू ओसरीवर तुझ्या घरच्या खुर्चीवर बसली होतीस. सगळं बघत होतीस.

"सगळो टाकतंस?" तू विचारलंस.

"मगे? कुसलेलो विकू?"

तू तोंड उघडलंस. मी बघितलं. मग मिटलंस आणि आत गेलीस. त्या संध्याकाळी तुझ्या खोलीतून अत्तराचा वास आला. मी सतीशला म्हटलं, बघ, तिला पण सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशीही वास होता. मी दुसरं पिंप हुंगत बसले. तिसऱ्या दिवशी तुला हुडहुडी भरली, तू खाटेवरून उठली नाहीस, आणि मी तुला कुशीवर वळवायला हात खाली घातला.

मला राग येतो तो याचा. जखम लपवलीस त्याचा येत नाही, तुला पालथं पडायचं नव्हतं ते मला कळतं. त्या पावसाळ्यात मी तिथेच होते. पण मी खड्डा खणवत होते, कुसलं कुसलं म्हणून सतीशला शिव्या देत होते, मूठ मूठ मासा मातीत घालत होते, आणि तू बघत होतीस. वास कुठून येतोय ते तुला माहीत होतं. तू मला चांगला मासा मातीत घालू दिलास. एक शब्द बोलली असतीस तर खड्डा तिथेच थांबला असता आणि त्याच दुपारी आपण बांदा ओलांडला असता. कदाचित उशीर झालाच असता. पण तो आपला दोघींचा उशीर झाला असता.

दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी लावायच्या आधी तुला शुद्ध होती. मी तुझ्या उशाशी होते. तू म्हणालीस, "आये."

"काय गो?"

"बांगडो बरो होतो."

मी म्हटलं, "गप रव. बोलू नको."

मग त्यांनी मला बाहेर काढलं. त्यानंतर तू बोलली नाहीस. तुझे ते शेवटचे शब्द आणि माझे हे. लोक म्हणतात, दुसरं काही गोड बोलायला हवं होतं. मी तुला जन्मभर गप रव म्हणत आले, तेव्हा एकदम गोड बोलले असते तर तू घाबरली असतीस. आणि तू जे बोललीस त्याच्यात सगळं आलं. माफी म्हणून बोललीस की मला धीर द्यायला, की तुला त्या तापात फक्त तो मासाच आठवला, ते मला कळणार नाही. मी रोज त्याचा अर्थ बदलते. आज राग आहे म्हणून माफी वाटते. काल दुसरं वाटत होतं.

बारावं झालं आणि कल्याणी आली. कुडाळला गाडीतून उतरून एसटीने, खोटा पाय लावून. ओसरीवर बसली आणि पाय काढून बाजूला ठेवला. तुझ्या खेळाच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत कोंबडी बसली होती. सुपासारखी बैठक तिला बरी वाटली असणार. खाली अंडी आहेत.

मी विचारलं, "फोनवर तू म्हणालीस छान आहे. तू बघितली होतीस?"

तिने मान खाली घातली. "बघितली होती, काकू. मीच पट्टी लावत होते. विमानात बसून बसूनच सुरू झालं होतं. आधी रुपयाएवढं होतं. मग वाढलं."

"डॉक्टर नव्हते तिथे?"

"होते."

"मग?"

"तिने शपथ घातली. म्हणाली, डॉक्टरला कळलं तर मला सामन्याबाहेर ठेवतील. आईला कळलं तर ती मला पालथी पाडेल, मग मी पुन्हा उठणार नाही."

 मग ती स्वतःहून म्हणाली, आणि यासाठी मी तिला मान देते, कारण न सांगताही ती जाऊ शकली असती. "आमची दुसरी एक पॉइंटवाली शिबिरातूनच आजारी होऊन घरी गेली होती, काकू. दर्शना बाहेर राहिली असती तर मलाही बाहेर बसावं लागलं असतं. चौदाच्या वर गेलं असतं. मी पहिल्यांदा देशासाठी खेळत होते." कोंबडीकडे बघून म्हणाली, "मी शपथेमुळे गप्प नव्हते."

तुझी जखम आणि तिचे टाकलेले बॉल. करवंट्या मांडून तू मला हेच सांगत होतीस, आणि मी बाजार म्हटलं होतं. आपल्या भांडणात कोण जिंकलं ते आता सांग.

मी तिला माफ केलं नाही. शापही दिला नाही. भात वाढला, माशाचं तिकलं वाढलं. रडत रडत जेवली. दोनदा भात घेतला. भूक लागते माणसाला.

निघताना म्हणाली, "काकू, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल. आमच्यात एक नवीन मुलगी आलीय. बारीक अंगाची, दर्शनाच्याच मापाची. तीही एक पॉइंटची आहे. अशी खुर्ची तिला मिळणार नाही."

"तिची पाठ कोण बघतं?" मी विचारलं.

"ती... एकटीच असते हॉस्टेलवर." मग घाईने म्हणाली, "मी बघेन काकू. रोज बघेन."

"तू बघितली होतीस," मी म्हटलं.

तिने खोटा पाय उचलला आणि बांधायला लागली. पट्टा लागेना. मी लावून दिला. सतीशने तिला तिठ्यावर सोडलं, तुझ्या बॅनरखाली. तिथून एसटी मिळते.

लोक मला म्हणतात, खुर्ची शाळेत काचेच्या कपाटात ठेवू. तात्या म्हणतात, देवळात ठेवू. मी कोणालाच हो म्हटलेलं नाही. त्या मुलीची पाठ कोण बघतं ते मला कळेपर्यंत खुर्ची इथून हलायची नाही, आणि ते मला कळेल असं वाटत नाही. कोंबडी बसून आहे. दिवाबत्ती झाली की माझा हात अजून बॅटरीकडे जातो. बॅटरी लावते, बंद करते. परसातला माड मात्र खूश आहे. बांगडा बरा होता.

त्या शेवटच्या सामन्यात तुम्ही पाच जणी मैदानात होतात. चौघी आपापल्या घरी आहेत. मी आपल्या घरी आहे.